‘आरोप सिद्ध होत नाहीत’ या ओळीनंतर: समितीच्या अहवालाविरुद्ध अपील कसं करायचं

कुपवाडची फाउंड्री असो, शिरवळचा कारखाना, मिरजेचं रुग्णालय किंवा कराडची पतसंस्था. कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाची तक्रार मालकाने नेमलेल्या अंतर्गत समितीकडे गेली की कधीकधी शेवटी हातात एक पानी पत्र पडतं. आरोप सिद्ध होत नाहीत, सबब कारवाईची आवश्यकता नाही. त्याच आठवड्यात पाळी बदलते, विभाग बदलतो, किंवा आजवर कधी न मिळालेला मेमो मिळतो.

पत्र आणि मेमो ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पत्राविरुद्ध अपील करायचं असतं. मेमो, बदली किंवा बडतर्फी यांच्याविरुद्ध वेगळी तक्रार टाकायची असते. दोन्हींचा कायदा वेगळा, मुदत वेगळी, मागणीही वेगळी. दोन्ही एकाच अर्जात कोंबले की एक कमकुवत होतं आणि दुसरं मुदतीबाहेर जातं. अपीलात ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्या माणसाशी भांडण नसतं, समितीच्या अहवालाशी असतं, हेही सुरुवातीलाच मनाशी पक्कं करायला हवं. काय घडलं हे पुन्हा पहिल्यापासून सांगून फारसं हाती लागत नाही. समितीने कुठे, कोणत्या पानावर, काय चुकवलं हे दाखवता आलं तर लागतं.

पहिलं काम: तारखा मोजणं

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पॉश कायदा, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ मध्ये अपीलाची मुदत ९० दिवसांची आहे. कलमाचे शब्द नीट वाचा: शिफारशीपासून ९० दिवस. अहवाल तुमच्या हातात पडल्यापासून, असं तिथे लिहिलेलं नाही. म्हणून मोजणी अहवालावरच्या तारखेपासून करा. अहवाल उशिरा मिळाला असेल तर तो कधी आणि कसा मिळाला याचा पुरावा जपा, म्हणजे पाकीट, पोचपावती, ईमेलची वेळ. पण मुदत त्याच्या भरवशावर ठेवू नका.

उदाहरणार्थ, अहवालावर ३ जून ही तारीख आहे. ४ जून हा पहिला दिवस. जूनचे २७, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ३१ मिळून ८९ झाले, आणि १ सप्टेंबर हा नव्वदावा दिवस. या दिवसांत गणपतीच्या सुट्ट्या आडव्या येतात, वकील गावी असतात, झेरॉक्सवालाही बंद असतो. म्हणून पंचाहत्तरावा दिवस, म्हणजे १७ ऑगस्ट, हीच आपली शेवटची तारीख धरा.

एका परिस्थितीत मात्र ७५ दिवसही फार होतात. समितीने तक्रार नुसती फेटाळली नाही, तर ती खोटी आणि दुष्ट हेतूने केलेली ठरवून कलम १४ खाली तुमच्यावरच कारवाईची शिफारस केली, तर अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत मालकाने त्यावर कारवाई करायची असते. अपीलाची मुदत शिल्लक असतानाच तुमच्यावर कारवाई होऊन जाऊ शकते. अशा वेळी पहिल्या तीन-चार आठवड्यांत अपील आणि त्यासोबत स्थगितीचा अर्ज दाखल व्हायला हवा.

मुदत उलटलीच असेल तर विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज प्रतिज्ञापत्रासह लावावा आणि त्यात प्रत्येक टप्प्याचा हिशेब तारखेनिशी द्यावा. अहवाल अमुक दिवशी मागितला, अमुक दिवशी मिळाला, या काळात रुग्णालयात दाखल होते, अशा पद्धतीने. “घरगुती अडचणींमुळे उशीर झाला” एवढ्यावर कोणी माफी देत नाही. कलम १८ मध्ये विलंबमाफीची स्पष्ट तरतूद नाही, त्यामुळे हा रस्ता नाइलाजाचा समजा.

पोलिसांत दिलेल्या फिर्यादीमुळे ही मुदत थांबत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खालचा गुन्हा आपल्या वाटेने चालतो, अपील आपल्या वाटेने. “आधी कोर्टाचा निकाल लागू दे” म्हणून थांबणाऱ्यांची अपीलाची मुदत निघून जाते.

अहवाल आणि त्यामागचे कागद

चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत समितीने अहवाल मालकाला द्यायचा असतो आणि तो दोन्ही पक्षांनाही मिळायला हवा, असं कलम १३ सांगतं. “गोपनीय आहे, वाचून दाखवतो, प्रत मिळणार नाही” हे उत्तर चुकीचं आहे. गोपनीयता लोकांपासून आणि वर्तमानपत्रांपासून पाळायची असते, तक्रारदारापासून नव्हे.

लेखी अर्ज करा. समितीच्या अध्यक्षांना आणि व्यवस्थापनाला एकाच दिवशी ईमेल पाठवा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टानेही पाठवा. मागायच्या गोष्टी नावानिशी लिहा: अहवाल परिशिष्टांसह, समोरच्याचं लेखी उत्तर, सर्व साक्षीदारांचे जबाब, प्रत्येक बैठकीचा रोजनामा सह्यांसह, समिती नेमल्याचा आदेश, आणि सदस्यांची नावं व पदं. यातला रोजनामा आणि नेमणुकीचा आदेश अपीलाच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचे, आणि नेमके हेच दोन कागद मागायचे राहून जातात.

माहितीच्या अधिकारात अहवाल मिळणार नाही. कलम १६ ने तक्रार आणि चौकशीचा मजकूर त्यातून वगळला आहे. दुसरी माहिती मात्र मागता येते. प्रत्येक समितीने दरवर्षी आपला अहवाल मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचा असतो. तुमच्या आस्थापनेचा वार्षिक अहवाल गेल्या तीन वर्षांत आला का, एवढाच प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारा. “अभिलेखावर आढळत नाही” असं उत्तर आलं, तर समिती फक्त कागदावर होती किंवा तक्रार आल्यावर घाईने उभी केली, हे म्हणायला आधार मिळतो.

व्हॉट्सॲप संदेश, कॉल रेकॉर्डिंग किंवा फोटो जोडायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. ‘अ’ तुम्ही भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसते स्क्रीनशॉट ठेवून चॅट पुसणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

कुठे दाखल करायचं

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. कलम १८ सांगतं की सेवानियमांत अपीलाची व्यवस्था असेल तर तिथे जा. नसेल, तर २०१३ च्या नियमांतला नियम ११ लागतो आणि स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या लेखी अटींच्या, १९४६ च्या कायद्याखाली अपील ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जावं लागतं. महाराष्ट्रातल्या खासगी आस्थापनांसाठी ते म्हणजे औद्योगिक न्यायालय. कामगार न्यायालय नव्हे. दोन्ही नावं सारखी वाटतात, पण चुकीच्या खिडकीवर दिलेला अर्ज दोन महिन्यांनी परत येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४६ चा कायदा तिच्यात सामावला गेला. त्यामुळे दाखल करण्याआधी आपल्या जिल्ह्याचं काम पाहणाऱ्या औद्योगिक न्यायालयाच्या कार्यालयात सध्याची पद्धत विचारून घ्या आणि अपीलाच्या शीर्षकात “कलम १८ सह नियम ११” असा उल्लेख ठेवा. शिवाय मजकुरात एक ओळ घाला: हे न्यायालय योग्य नाही असं आढळल्यास अपील योग्य ठिकाणी दाखल करण्यासाठी परत द्यावं. प्रामाणिकपणे चुकीच्या ठिकाणी गेलेला काळ मुदतीतून वजा मागताना ही ओळ उपयोगी पडते.

सरकारी नोकरीत वाट वेगळी आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी आधी सेवानियमांतला उपाय वापरायचा आणि मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. साताऱ्या-सांगलीची प्रकरणं मुंबईला जातात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅटचा दरवाजा नाही, त्यांनी जिल्हा सेवेच्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे जायचं आणि त्यानंतर उच्च न्यायालय. केंद्र सरकारचे कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे कॅटकडे जातात.

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये, हळदीच्या छोट्या युनिटमध्ये, महाबळेश्वरच्या आठ कामगारांच्या हॉटेलात अंतर्गत समिती नसते. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिच्या निष्कर्षाविरुद्धही अपील होतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. समितीपुढे वकील उभा करायला मनाई होती. ती मनाई समितीच्या चौकशीपुरतीच, अपीलात ती लागत नाही.

अहवाल कुठे फोडायचा

अहवालाची एक प्रत फक्त खुणा करण्यासाठी काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. पहिल्या वाचनात राग येईल, तो येऊ द्या. दुसऱ्या वाचनापासून कामाला लागा.

सुरुवात समितीच्या रचनेपासून. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी. निम्मे तरी सदस्य महिला हव्यात. एक सदस्य बाहेरचा हवा, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. नेमणुकीच्या आदेशावरची तारीख बघा. तीन वर्षं उलटून गेलेली समिती चौकशी करत होती, हे या एका तारखेवरून कळतं. बाहेरचा म्हणून घेतलेला सदस्य कंपनीचाच सल्लागार, ऑडिटर किंवा पॅनेलवरचा वकील निघतो का तेही तपासा. पंजाब अँड सिंध बँक विरुद्ध दुर्गेश कुवर या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच गोष्ट हेरली होती: स्वतंत्र म्हणून घेतलेला सदस्य बँकेच्याच पॅनेलवरचा वकील होता.

तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर प्रश्न याहून मूळचा आहे. अशी तक्रार ऐकण्याचा अधिकारच अंतर्गत समितीला नाही, तो स्थानिक समितीला आहे. त्यातही गंमत अशी की कायद्यातल्या ‘मालक’ या शब्दात आस्थापनेचं व्यवस्थापन आणि नियंत्रण ज्याच्या हाती आहे तोही येतो. कार्यकारी संचालकाला त्याच्याच हाताखालच्या बाईंनी निर्दोष ठरवलं असेल, तर हा मुद्दा सर्वांत वर घ्या.

मग रोजनामा. प्रत्येक बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. सह्या मोजा. तुमचा जबाब दोघींनीच घेतला आणि तिसरी सही नंतर झाली असेल, तर शाईचा रंग आणि तारीख खूप काही सांगून जातात.

त्यानंतर चौकशीची पद्धत. समोरच्याच्या उत्तराची प्रत तुम्हाला मिळाली का? तुम्ही नावं दिलेल्या साक्षीदारांना बोलावलं का, नसेल तर कारण नोंदवलं का? गेटवरचं सीसीटीव्ही चित्रण मागितलं होतं का? समितीला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. “चित्रण उपलब्ध करून दिलं नाही” असं म्हणून तिला मोकळं होता येत नाही. दोन्ही पक्ष कर्मचारी असतील तर निष्कर्षाची प्रत देऊन त्यावर म्हणणं मांडायची संधी देणं, हेही कलम ११ मध्ये आहे. ही पायरी वगळली गेली आहे का ते जरूर बघा. सर्वोच्च न्यायालयाने ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात, १२ मे २०२३ रोजी, घाईघाईने उरकलेली चौकशी नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर रद्द केली. तिथे दाद मागणारा आरोपी होता, पण तत्त्व दोन्ही बाजूंना सारखंच लागू पडतं.

अपीलाचा गाभा मात्र याच्यापुढे आहे. पुराव्याला समितीने कोणती फूटपट्टी लावली? “प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, म्हणून आरोप सिद्ध होत नाही” हे वाक्य दिसलं की त्याखाली लाल रेघ मारा. ही फौजदारी खटल्याची फूटपट्टी आहे. इथे प्रश्न एवढाच असतो की घडलं असण्याची शक्यता जास्त की न घडलं असण्याची. केबिनचं दार लावून केलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून येणार? ॲपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल विरुद्ध ए. के. चोप्रा या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किरकोळ विसंगती आणि तांत्रिक मुद्द्यांत न अडकता प्रकरणाची व्यापक संभाव्यता बघायला हवी. त्याच निकालाने हेही स्पष्ट केलं की छळ ठरायला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असं नाही.

मुद्दा लिहायचा तो असा: “पान ७ वरील निष्कर्षात प्रत्यक्षदर्शी नसल्याचं म्हटलं आहे. परंतु पान ३ वर पॅकिंग विभागातील साक्षीदाराचा जबाब आहे की तक्रारदार रडत बाहेर आली आणि लगेच घडलेला प्रकार तिने सांगितला. या जबाबाचा निष्कर्षात उल्लेखही नाही.” पान, ओळ, आणि काय सुटलं. असे चार मुद्दे वीस पानी हकिकतीपेक्षा भारी पडतात.

तक्रार उशिरा केली म्हणून फेटाळली असेल तर कलम ९ बघा. घटनेपासून तीन महिने, घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने, आणि कारणं नोंदवून आणखी तीन महिने. मुदतवाढीचा अर्ज समितीने विचारातच घेतला नसेल तर तो मुद्दा पक्का आहे. सहा महिन्यांच्या पलीकडे मात्र हात टेकावे लागतात.

कंत्राटदाराकडची कामगार, शिकाऊ, रोजंदारीवरची किंवा प्रोबेशनवरची म्हणून “ती आमची कर्मचारीच नाही” असं समितीने म्हटलं असेल तर ते कलम २ च्या व्याख्येत बसत नाही. या सगळ्याजणी कायद्याच्या कक्षेत आहेत.

कलम १४ वापरलं असेल तर एक गोष्ट ठासून मांडा: तक्रार सिद्ध करता न येणं आणि तक्रार खोटी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता पुरावा कमी पडला म्हणून कारवाई होत नाही, दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीने सिद्ध व्हावा लागतो, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे.

एक कमकुवत मुद्दाही सांगून ठेवायला हवा, कारण तो हमखास पहिल्या क्रमांकावर लिहिला जातो: चौकशी ९० दिवसांत संपली नाही. संपायला हवी होती हे खरं. पण तेवढ्यावर अहवाल रद्द होईल अशी आशा धरू नका. उशिरामुळे सीसीटीव्ही पुसलं गेलं किंवा साक्षीदार नोकरी सोडून गेला, असं नुकसान दाखवता आलं तरच त्यात जीव येतो.

मसुदा

आठ ते बारा पानं पुरतात. सुरुवातीला पक्षकार: अपीलकर्ती, आणि प्रतिवादी म्हणून व्यवस्थापन, ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, आणि समितीच्या अध्यक्ष. मग एका पानात तारखांचा तक्ता. मग मुदतीचा परिच्छेद. मग क्रमांक दिलेले मुद्दे. शेवटी मागण्या, सत्यापन आणि अनुक्रमणिकेसह परिशिष्टं. औद्योगिक न्यायालयात मराठी चालते. ज्या भाषेत विचार करता त्याच भाषेत लिहा, उसनी इंग्रजी नको.

मागण्यांमध्ये “अहवाल रद्द करावा” एवढंच लिहून थांबू नका. नुसता रद्द झालेला अहवाल तुम्हाला जिथून निघालात तिथेच आणून सोडतो. आरोप सिद्ध धरून कलम १३ खाली कारवाईची शिफारस व्हावी, ते शक्य नसेल तर नव्या, कायदेशीर रचनेच्या समितीकडे ठराविक मुदतीत फेरचौकशी व्हावी, अशा दोन पायऱ्या ठेवा. भरपाई मागायची असेल तर कलम १५ चे निकष धरून मागा: मानसिक त्रास, करिअरचं नुकसान, वैद्यकीय खर्च, समोरच्याची आर्थिक स्थिती. मानसोपचारतज्ज्ञाच्या पावत्या आणि बुडालेल्या ओव्हरटाइमचा हिशेब जोडा.

अंतरिम अर्ज वेगळ्या कागदावर द्या. अपील चालू असेपर्यंत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तुमच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहू नये, चौकशीची मूळ फाइल आणि चित्रण जपून ठेवावं, कलम १४ खालची कारवाई थांबवावी. शिवाय न्यायालयाच्या बोर्डावर तुमचं नाव छापू नये आणि सुनावणी बंद दाराआड व्हावी, ही विनंतीही त्यातच. तीन प्रतिवादी असतील तर पाच संच करा. एक न्यायालयाचा, तीन त्यांचे, आणि एक तुमचा, ज्यावर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

आणि अहवालाच्या पानाचा फोटो काढून गावच्या किंवा कंपनीच्या ग्रुपवर टाकू नका. चौकशीचा मजकूर लोकांपुढे येऊ देण्यास कलम १६ ची मनाई आहे. दंड ५,००० रुपयांचा आहे, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे समोरच्याला आयता मुद्दा मिळतो.

सूड उगवला जातो तेव्हा

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यापीठातल्या प्रकरणात असं धरलं की नंतरच्या प्रशासकीय कारवाया या आपोआप मूळ लैंगिक छळाचा पुढचा भाग ठरत नाहीत आणि त्यांच्या आधारे मुदत लांबत नाही. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: तक्रारीनंतर झालेली बदली मूळ तक्रारीला शेपूट म्हणून जोडू नका. तिच्यावर स्वतंत्र दाद मागा.

खासगी आस्थापनेतल्या कामगारासाठी ती जागा म्हणजे महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा. कामगार वकील याला “यूएलपी टाकणं” म्हणतात. मुदत त्या कृत्यापासून ९० दिवस, सबळ कारण असेल तर पुढेही. अनुसूची चारमध्ये धोरणाचं निमित्त करून आकसाने केलेली बदली तिसऱ्या बाबीत आणि गुणवत्ता न पाहता केलेला पक्षपात पाचव्या बाबीत येतो. या तक्रारी औद्योगिक न्यायालयात जातात. पहिली बाब म्हणजे सूडबुद्धीने, खोट्या कारणाने किंवा चौकशीचा फार्स करून कामावरून काढणं. ती कामगार न्यायालयात. कलम ३० खाली अंतरिम आदेश मागता येतो, आणि बदलीत सगळा खेळ त्या अंतरिम आदेशाचाच असतो. एकदा हा रस्ता धरला की त्याच गोष्टीसाठी औद्योगिक विवादाचा रस्ता बंद होतो, हे कलम ५९ मध्ये आहे. म्हणून निवड आधी करा. नव्या संहितेमुळे कलमांचा मेळ बदलला आहे का, हे दाखल करतेवेळी वकिलाकडून तपासून घ्या. व्हिजिटिंग कार्डावर ‘सुपरवायझर’ छापलंय म्हणून तुम्ही कामगार नाही असं ठरत नाही. हातात प्रत्यक्ष कोणतं काम होतं त्यावर ते ठरतं.

मघाचंच उदाहरण: अहवाल ३ जूनचा, बदली ९ जूनची. अपीलाची शेवटची तारीख १ सप्टेंबर, बदलीविरुद्धच्या तक्रारीची ७ सप्टेंबर. नोकरीवर परिणाम करण्याची धमकी किंवा भीतीचं वातावरण असा नवा प्रकार लैंगिक छळाशी जोडून झाला असेल, तर समितीकडे नवी तक्रार ९ सप्टेंबरपर्यंत. तिन्ही तारखा कॅलेंडरवर वेगवेगळ्या रंगाने लिहा.

“तक्रार केली म्हणून बदली झाली” हे सिद्ध करायला चार कड्या जोडाव्या लागतात. बदलीचा आदेश काढणाऱ्याला तक्रार माहीत होती. तक्रार आणि आदेश यांत थोडेच दिवस होते. तुमच्यासारख्याच इतरांना हात लागला नाही. आणि दिलेलं कारण टिकत नाही. तारखांची जवळीक एकटी पुरत नाही, पण नेमकी तेवढ्यावरच सगळी भिस्त ठेवली जाते. तिसरी कडी भक्कम करा. तक्रारीआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने असा तक्ता बनवा: पाळी, विभाग, साप्ताहिक सुट्टी, ओव्हरटाइमचे तास, नाकारलेल्या रजा, मेमो. शेजारी त्याच विभागातल्या दोन-तीन सहकाऱ्यांच्या त्याच नोंदी. पगारपत्रकं आणि हजेरीच्या चिठ्ठ्या यातूनच हे उभं राहतं. कारणाबद्दल सांगायचं तर, “कामाची निकड” लिहून हलवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात तुमच्या जागी नवी भरती केली, तर ती निकड तिथेच उघडी पडते.

दुर्गेश कुवर प्रकरणात याच पद्धतीची मांडणी टिकली. इंदूरहून जबलपूर जिल्ह्यातल्या शाखेत केलेली बदली रद्द झाली आणि बँकेला ५०,००० रुपये खर्चाचे भरावे लागले.

बदली झाल्यावर घरी बसू नका. रागाच्या भरात हेच केलं जातं आणि व्यवस्थापनाला नेमकं हेच हवं असतं. अंतरिम आदेश नसताना गैरहजर राहिलात तर विनापरवाना गैरहजेरीची चार्जशीट येते. तिचं कारण खरं असतं, आणि मग सूडाचा मुद्दा बाजूला पडतो. त्याऐवजी “निषेध नोंदवून, हक्क राखून रुजू होत आहे” असं लिहून हजर व्हा आणि त्या कागदाची पोच घ्या. चार्जशीटला मुदतीत उत्तर द्या. मेमो नाकारू नका, घ्या आणि त्यावरच तारीख व वेळ लिहा.

राजीनाम्यासाठी केबिनमध्ये बसवून ठेवलं आणि सही करावीच लागली, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी, ईमेलने तो मागे घ्या. कोणत्या वेळी कोण खोलीत होतं हे त्यात लिहा. आठ दिवसांनी लिहिलेलं तेच पत्र पश्चात्तापासारखं वाचलं जातं. अंतिम हिशेबाच्या कागदात “माझी कोणतीही तक्रार वा दावा शिल्लक नाही” ही ओळ असते. पैसे घ्यायचे असतील तर “हक्क राखून स्वीकारले” असं आपल्या अक्षरात लिहूनच सही करा. ते लिहू देत नसतील तर सही करू नका.

सुनावणी आणि त्यानंतर

अपीलात सहसा नव्याने साक्षी होत नाहीत, समितीच्या फाइलवर युक्तिवाद होतो. म्हणून पहिल्याच तारखेला समितीची मूळ फाइल मागवण्याचा अर्ज द्या. तुम्हाला मिळालेल्या प्रतींशी ती ताडून बघा. सह्या नंतर वाढल्या असतील तर इथेच कळतं. नवा पुरावा द्यायचा असेल तर तो समितीपुढे का देता आला नाही याचं कारण त्याच अर्जात हवं. तारखेला गैरहजर राहू नका. गैरहजेरीत निकाली निघालेलं अपील पुन्हा जिवंत करणं म्हणजे आणखी सहा महिन्यांची धावपळ.

युक्तिवादाला वीस मिनिटं मिळतील असं धरून तीन मुद्दे निवडा. अधिकारक्षेत्र किंवा रचना, वगळलेला पुरावा, आणि चुकीची फूटपट्टी, हा क्रम बऱ्याच प्रकरणांत बरा चालतो. समितीतल्या बायकांवर वैयक्तिक टीका करण्यात त्या वीस मिनिटांतली आठ घालवू नका.

अपीलही फेटाळलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सातारा व सांगली दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, हा या भागातला मोठा बदल. तिथे पुरावा पुन्हा तोलला जात नाही. अधिकाराबाहेरचा, कारणं नसलेला किंवा पुराव्याशी विसंगत निष्कर्ष असेल तरच हस्तक्षेप होतो. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. मार्च २०२५ मध्ये पुण्यातल्या एका प्रकरणात औद्योगिक न्यायालयाने कायम केलेला समितीचा अहवाल उच्च न्यायालयाने रद्द केला, कारण निष्कर्ष मोघम होते. तुमच्या बाजूने निकाल लागला तरी तो कारणांसह लागावा, लेखी युक्तिवाद द्यायचा तो त्याचसाठी.

रिटला ठरलेली मुदत नसली तरी दोन-तीन महिन्यांच्या पुढे गेलं की उशिराचा जाब द्यावा लागतो. आणि उच्च न्यायालयात कागद इंग्रजीत लागतात: अहवाल, जबाब, रोजनामा, सगळ्यांची भाषांतरं. पन्नास-साठ पानांना दोन आठवडे सहज जातात. म्हणून औद्योगिक न्यायालयाचा निकाल लागेल त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज खिडकीत द्या आणि मराठी कागद भाषांतराला पाठवून द्या.